हिमवादळाआधीचे बफेलो

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, अगदी पश्चिम टोकाला, ईरी सरोवर जिथे संपते आणि नायगारा नदी जिथून निघते, तिथे बफेलो शहर वसले आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ७८ हजार भरली. मराठी प्रवाशाला हे नाव माहीत असते ते नायगारा धबधब्याच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून. धबधबा इथून जेमतेम तीस किलोमीटर. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि अमेरिकेच्या अंतर्भागातले धान्य याच बंदरातून न्यूयॉर्ककडे जाऊ लागले. पुढे त्या व्यापारासाठी बांधलेली धान्याची अवाढव्य कोठारे बफेलो नदीच्या काठी अजून उभी आहेत. देशभरात मात्र या शहराचे नाव निघते ते बर्फामुळे. दर हिवाळ्यात इथे सरासरी ९५ इंच, म्हणजे सुमारे २४० सेंटिमीटर बर्फ पडतो. त्यातला बराचसा निमूटपणे पडतो, आणि शहर त्याला सरावले आहे. त्याच्या जोडीला वारा आला की गोष्ट जिवावर बेतते. वादळ येऊन थडकण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत इथले लोक काय करतात, आणि ते तसे का करतात, हे पाहिले की या शहराचा स्वभाव कळतो.

या सगळ्याचे मूळ सरोवरात आहे. ईरी सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ९२ किलोमीटर रुंद आहे. पाच महासरोवरांत ते सर्वांत उथळ; सरासरी खोली १९ मीटरच्या आसपास. उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात त्याचे पाणी चांगले तापते आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत त्यातली ऊब टिकून असते. याच महिन्यांत कॅनडाकडून अतिथंड हवा खाली उतरते. पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यावरची सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानांत १३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक फरक पडला, की पाण्याची वाफ जोमाने वर चढते, तिचे ढग बनतात आणि किनाऱ्यावर येताच ते बर्फाच्या रूपाने रिकामे होतात. सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरले आहे आणि बफेलो नेमके त्याच्या पूर्व टोकाला आहे. नैर्ऋत्येचा वारा सरोवराच्या पूर्ण लांबीवरून वाहत येतो, वाटभर बाष्प गोळा करतो आणि सगळे ओझे शहराच्या दारात टाकतो. सरोवर गोठले की हा बाष्पाचा पुरवठा आटतो. म्हणून असा बर्फ बहुधा हिवाळ्याच्या पूर्वार्धातच जास्त पडतो.

सरोवरावरून येणारा बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. तो अरुंद पट्ट्यात पडतो, आणि पट्ट्याची कड कधीकधी इतकी ठळक असते की रस्त्यावर उभे राहून ती दाखवता येते. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचला, त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात तो काही इंचच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क या गावांत सुमारे ८० इंच बर्फ पडला. त्यामुळे इथल्या माणसाला अंदाज ऐकताना पहिला प्रश्न पडतो तो पट्टा कुठे बसणार हा. वाऱ्याची दिशा काही अंशांनी बदलली तरी संकट एका गावावरून उचलून दुसऱ्या गावावर ठेवले जाते. बसथांब्यावर उभी असलेली वृद्ध बाईसुद्धा वारा नैर्ऋत्येचा आहे की पश्चिमेचा, हे बिनचूक सांगते.

हिमवादळ ही याहून वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येत त्यासाठी तीन अटी आहेत: वाऱ्याचा वेग किंवा वारंवार येणारे झोत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक, पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे दृश्यता पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या खाली, आणि ही अवस्था किमान तीन तास टिकलेली. किती इंच बर्फ पडला, याचा व्याख्येत उल्लेखच नाही. जमिनीवर आधीच साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडवला तरी हिमवादळ होते. या वाऱ्यात घराचे फाटक ते दार एवढ्या अंतरातही माणूस वाट चुकतो, आणि थंडीचा मारा कित्येक पटींनी वाढतो. तापमान उणे १८ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी २४ किलोमीटर असला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २८ इतकी भासते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. हिमवादळात वारा याच्या दुप्पट-तिप्पट असतो.

वादळात बर्फ नव्याने पडावाच लागत नाही, हे बफेलोला १९७७ साली कळले. त्या हिवाळ्यात ईरी सरोवर १४ डिसेंबरलाच गोठले होते आणि पुढचा दीड महिना त्या बर्फाच्या पाठीवर हिमाचे थर साचत राहिले. २८ जानेवारी १९७७ ला ताशी १११ किलोमीटरपर्यंतच्या झोतांनी तो सगळा साठा उचलून शहरावर आणून ओतला. पुढच्या पाच दिवसांत आकाशातून पडलेला बर्फ फक्त फूटभराच्या आसपास होता, पण वाऱ्याने रचलेल्या राशी काही ठिकाणी घरांच्या छपरांपर्यंत पोहोचल्या. प्राणिसंग्रहालयातल्या कुंपणाच्या उंचीइतका बर्फ साचला, तेव्हा तीन रेनडिअर त्यावरून चालत बाहेर पडले. २९ माणसे दगावली. त्यांतले काही जण आपल्याच मोटारींत गाडले गेले होते. नुसत्या बर्फासाठी केंद्र सरकारने आपत्ती जाहीर करावी, असे अमेरिकेत तेव्हा पहिल्यांदा घडले. राष्ट्राध्यक्ष होते जिमी कार्टर. त्या पाच दिवसांत शाळेत, कारखान्यात किंवा अनोळखी माणसाच्या घरी अडकलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे. वादळाची सूचना आली की मुला-नातवंडांना वेळेवर घरी बोलावण्याचा आग्रह हीच मंडळी धरतात.

सूचना येण्याचा एक ठरलेला क्रम आहे. राष्ट्रीय हवामान सेवेचे बफेलो कार्यालय विमानतळाजवळ चीकटोवागा या उपनगरात आहे. वादळाची शक्यता दिसली की साधारण एक-दोन दिवस किंवा त्याहूनही आधी ‘वॉच’ जाहीर होतो. म्हणजे वादळ येऊ शकते, सामान जमवायला लागा. ते नक्की झाले की ‘वॉर्निंग’ येते. म्हणजे आता काम आवरा आणि घरात बसा. परक्या प्रवाशाचा या दोन शब्दांत घोळ होतो, इथल्या शाळकरी मुलाचा होत नाही. दूरचित्रवाणीवरचे हवामानतज्ज्ञ इथे घरच्या माणसांसारखे ओळखीचे असतात. त्यांचा नकाशा पाहून सुट्टीचे बेत, लग्नाची बैठक, रुग्णालयातली तपासणी पुढेमागे केली जाते. अमेरिकन फुटबॉलही यातून सुटत नाही. नोव्हेंबर २०१४ आणि नोव्हेंबर २०२२ या दोन्ही वादळांत बफेलो बिल्स संघाचा घरचा सामना उचलून डेट्रॉइटला नेण्यात आला. दुसऱ्या वेळी खेळाडूंना विमानतळावर पोहोचता यावे, म्हणून त्यांच्या शेजाऱ्यांनी फावडी घेऊन त्यांच्या घरापुढचे रस्ते मोकळे केले.

रॉचेस्टरकडून आय-९० या महामार्गाने बफेलोकडे येताना वादळाची पहिली खूण आकाशात दिसत नाही, ती रस्त्यावर दिसते. कोरड्या, काळ्या डांबरावर एकमेकींना समांतर अशा पांढऱ्या रेघा ओढलेल्या असतात, मैलोन्‌मैल. हे मिठाचे पाणी. टँकरच्या मागे लावलेल्या नळ्यांतून ते रस्त्यावर सोडतात. या द्रावात साधारण २३ टक्के मीठ असते आणि ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. पाणी वाळले की मीठ डांबराला चिकटून राहते, त्यामुळे पहिला बर्फ रस्त्याशी सांधला जात नाही आणि बर्फ हटवणाऱ्या नांगराच्या पात्याने सहज निघतो. नुसते कोरडे मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही. तेव्हा त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. महामार्गावरच्या विद्युतफलकांवर आधी वादळाची सूचना झळकते, मग रिकाम्या आणि अवजड ट्रकांना बंदी, शेवटी सगळ्यांनाच. विश्रांतिस्थळांवर मालवाहू ट्रकांच्या रांगा लागतात. चालक आतल्या उपाहारगृहात बसून फोनवर आपापल्या कंपनीशी बोलत असतात, कारण इथून पुढे जायचे की इथेच रात्र काढायची, हा निर्णय तासाभरात घ्यावा लागणार असतो. २०१४ मध्ये याच महामार्गावर नायगारा विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ आपल्या बसमध्ये दिवसभराहून अधिक काळ अडकून पडला होता. रस्ता वेळेवर बंद करणे किती मोलाचे, हे प्रशासनाला अशा प्रसंगांनी शिकवले.

शहरात गर्दी असते ती किराण्याच्या दुकानांत. वेगमन्स आणि टॉप्स या इथल्या मोठ्या साखळ्या. वादळाच्या आदल्या दिवशी त्यांच्या वाहनतळावर जागा मिळणे मुश्कील होते. प्रस्तुत लेखकाने अशा एका संध्याकाळी टॉप्समध्ये पाहिलेले चित्र नेहमीच्या दिवाळीआधीच्या गर्दीपेक्षा वेगळे होते, कारण कोणी रेंगाळत नव्हते. पाव, दूध आणि अंडी यांचे कप्पे आधी रिकामे झाले. मग पाण्याच्या बाटल्या, बॅटरीचे सेल, लहान बाळांचे दूध आणि कुत्र्या-मांजरांचे खाणे. दाराशी दगडी मिठाच्या पोत्यांची चळत होती. एक तरुण नोकर ती वृद्ध ग्राहकांच्या गाडीत न सांगता नेऊन ठेवत होता. सत्तरीच्या एका गृहस्थांच्या गाड्यात सगळे एकेक होते, सूपचे डबे मात्र दोन जातींचे आणि पुष्कळ. शेजारी एक एकटी बाई राहते, तिच्यासाठी, असे त्यांनी विचारल्यावर सांगितले. औषधाच्या खिडकीपुढची रांग किराण्याच्या रांगेहून लांब होती. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचे पंप: आठवडाभराचे औषध हाताशी असावे, अशी शिकवण आहे आणि ती पाळली जाते.

घरातली तयारी उबेपासून सुरू होते. इथली बहुतेक घरे नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या भट्टीने तापतात, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की वायू असूनही घर थंड पडते. म्हणून सगळी तयारी वीज जाईल असे धरूनच होते. फोन आणि बॅटरी भरून ठेवतात, पांघरुणे एका खोलीत आणतात, सगळ्या घराऐवजी तीच एक खोली राखायची असे ठरवतात. बाहेरच्या भिंतीलगत ज्यांचे नळ आहेत ते धारेऐवजी थेंब-थेंब वाहते ठेवतात आणि ओट्याखालच्या कपाटाची दारे उघडी टाकतात, म्हणजे खोलीतली ऊब पाइपांपर्यंत पोहोचते. गोठलेला पाइप फुटला तर बर्फ वितळताना घरात पाणी शिरते. फावडे आणि मिठाची बादली अंगणातल्या खोपटातून काढून दाराच्या आत ठेवली जाते. ही गोष्ट लहान वाटते, पण दार बाहेरून बर्फाने दबले की खोपटातल्या फावड्याचा काही उपयोग नसतो. सपाट किंवा जुन्या छपरांच्या घरांत लांब दांड्याचे छपराचे फावडेही तयार ठेवतात, कारण ओल्या बर्फाच्या भाराने छपरे खचतात.

घरातला सर्वांत घातक धोका न दिसणारा आहे. भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी बऱ्याच घरांत भिंतीतून जमिनीलगत निघते. तिचे तोंड बर्फाखाली गेले की कार्बन मोनॉक्साइड घरातच साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे वादळातही दर काही तासांनी कोणीतरी दोर किंवा काठी धरून भिंतीलगत जाते आणि त्या नळीचे तोंड मोकळे करते. विजेसाठी जनरेटर लावायचा तर तो घरापासून किमान वीस फूट दूर ठेवायचा, गॅरेजमध्ये कधीच नाही, दार उघडे असले तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणाऱ्या यंत्राचे सेल तपासणे हे कामाच्या यादीत अग्रभागी असते. ऑक्टोबर २००६ मध्ये झाडांची पाने गळायच्या आत जवळजवळ दोन फूट ओला बर्फ पडला, फांद्या वीजतारांवर कोसळल्या आणि जवळपास चार लाख ग्राहकांची वीज गेली. तेव्हापासून जनरेटर घेतलेल्या घरांची संख्या वाढली आणि धोक्याचे हे नियमही घरोघर पोहोचले. त्या वादळात गेलेल्या झाडांच्या जागी नागरिकांनी पुढे हजारो नवी झाडे लावली.

बफेलोच्या उत्तरेला अॅमहर्स्ट हे उपनगर आहे. राज्य विद्यापीठाचा मोठा परिसर तिथेच असल्यामुळे भारतीय विद्यार्थी आणि प्राध्यापकांची वस्ती तिथे लक्षणीय आहे. अशा एका मराठी घरात वादळाच्या आदल्या दुपारी सांगलीहून नातवंडांना भेटायला आलेल्या आजी तव्याजवळ उभ्या होत्या. सुनेने त्यांना सांगितले होते, “आई, तीन दिवस चूल पेटली नाही तरी चालेल असं काहीतरी करा.” त्यांनी दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि प्रवासाला निघताना करतात तसे सगळे फडक्यात बांधून ठेवले. शेजारचे अमेरिकन कुटुंब टिनचे सूप आणि पीनट बटर रचत होते. आजींची चटणीही त्याच शेंगदाण्याची, फक्त तिखट. मुलगा ओट्याची शेगडी काडेपेटीने पेटवून पाहत होता. विजेची ठिणगी नसली तरी वायू पेटवता येतो, हे आधी तपासलेले बरे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाच्या सूचना येतात, पण त्यांना खरी मदत होते ती जुन्या विद्यार्थ्यांची: कोट कोणता, बूट कोणते, आणि एकटे कुठेही जायचे नाही.

मोटारीची तयारी ही वेगळीच विद्या आहे. टाकी पूर्ण भरायची, पुसण्या उभ्या करून ठेवायच्या म्हणजे काचेला चिकटत नाहीत, आणि गाडी रस्त्यावरून हलवून अंगणात घ्यायची, कारण रस्त्यावर गाडी असेल तर नांगर चालवता येत नाही. मागच्या कप्प्यात पांघरूण, छोटे फावडे, वाळू किंवा मांजराच्या कुंडीतली खडी, विजेरी, पाणी आणि कोरडे खाणे असते. खडी चाकाखाली टाकली की घसरते चाक पकड घेते. गाडी अडकलीच तर पाळायचे नियम इथे ड्रायव्हिंग शिकतानाच सांगितले जातात. गाडी सोडून चालू लागायचे नाही. तासाला दहाएक मिनिटेच इंजिन चालवायचे, त्याआधी धुराड्याचे तोंड बर्फातून मोकळे करायचे, एक काच बोटभर खाली ठेवायची. अँटेनाला रंगीत फडके बांधायचे, म्हणजे शोधणाऱ्यांना गाडी दिसते. वादळात दगावलेल्यांच्या हकिगतींत गाडी सोडून निघालेल्या माणसांच्या गोष्टी मनाला चटका लावतात.

सरोवराच्या काठी वाऱ्यासोबत पाण्याचाही धोका असतो. जोराचा नैर्ऋत्येचा वारा सरोवराचे पाणी पूर्वेला रेटतो आणि बफेलोच्या बाजूला त्याची पातळी काही तासांत कितीतरी फूट चढते. ऑक्टोबर १८४४ मध्ये अशाच एका रात्री बंदरालगतची वस्ती बुडाली होती आणि अनेकांचे प्राण गेले होते. हॅम्बर्गजवळच्या हूव्हर बीच या वस्तीत फेब्रुवारी २०२० मध्ये लाटांचे तुषार घरांवर उडून जागीच गोठले आणि दारे-खिडक्या कित्येक फूट जाडीच्या बर्फाआड गेल्या. म्हणून या काठावरची कुटुंबे वादळाआधी नातेवाइकांकडे जातात, आणि जाताना मुख्य नळ बंद करून पाइपांतले पाणी काढून टाकतात. सरोवराच्या मुखाशी दर हिवाळ्यात पोलादी तरंड्यांची सुमारे २.७ किलोमीटर लांब साखळी बांधतात. १९६४ पासून हा रिवाज आहे. पाणी ४ अंशांपर्यंत उतरले की किंवा उशिरात उशिरा १६ डिसेंबरपासून ती बसवतात. तिच्यामुळे सरोवरातला बर्फ नदीत सैरावैरा वाहत जात नाही आणि नायगाऱ्याच्या वीजप्रकल्पांची तोंडे तुंबत नाहीत.

गल्लीत तयारी चालते ती एकमेकांच्या नावाने. कोणाच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे, कोण डायलिसिसवर आहे, कोणाचे बाळ महिन्याचे आहे, हे शेजाऱ्यांना माहीत असते. डायलिसिस केंद्रे शक्य तेव्हा रुग्णांना एक दिवस आधीच बोलावतात, कारण दोन-तीन दिवसांचा खंड त्यांना सोसवत नाही. अग्निशामक नळकांड्यांवर उंच झेंडे असतात आणि घरापुढचे नळकांडे मोकळे ठेवण्याची जबाबदारी तिथले लोक आपणहून उचलतात. आग लागली आणि नळ बर्फात हरवला, तर बंब येऊन उपयोग काय? बर्फ दूर उडवणारे स्नोब्लोअर यंत्र ज्याच्याकडे असते त्याच्याकडून सगळ्या गल्लीच्या पायवाटा मोकळ्या होतात.

तरीही सगळ्यांना सारखी तयारी करता येत नाही, आणि या शहराचे खरे दुखणे तिथेच आहे. शहराच्या पूर्वेकडची ईस्ट साइड ही वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि बरीचशी गरीब आहे. लाकडी, दुमजली, शंभरेक वर्षे जुनी घरे. खिडक्यांच्या फटींतून वारा येतो. अनेकांकडे मोटार नाही, आणि मोठी किराणा दुकाने मोजकीच. आठवडाभराचे अन्न एका दिवसात भरायचे तर हातात पैसे लागतात. तासावर काम करणाऱ्या माणसाला मालकाने सुट्टी दिली नाही, तर घरी बसणे म्हणजे पगार बुडणे. ज्याला वॉर्निंग कळते पण पाळता येत नाही, त्याच्यासाठी ती नुसतीच एक बातमी असते.

डिसेंबर २०२२ च्या वादळाने हे अतिशय कठोरपणे दाखवले. हवामान सेवेने अनेक दिवस आधीपासून हे पिढीतून एखाद्या वेळी येणारे वादळ ठरेल असे सांगितले होते. अंदाजात कसूर नव्हती. शुक्रवार, २३ डिसेंबरला सकाळी पाऊस पडत होता. काही तासांत तापमान गोठणबिंदूच्या खूप खाली उतरले आणि वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या पुढे गेले. बफेलो ज्या जिल्ह्यात येते त्या ईरी काउंटीने सकाळी साडेनऊपासून वाहनबंदी जाहीर केली, पण ती घोषणा जेमतेम पाऊण तास आधी झाली. तोवर माणसे कामावर पोहोचली होती किंवा वाटेत होती. नाताळाच्या खरेदीचा तो दिवस. सलग ३७ तास हिमवादळाची स्थिती टिकली, विमानतळावर ५१.९ इंच बर्फ नोंदला गेला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक दल अनेक भागांत तासन्‌तास पोहोचू शकले नाहीत, कारण त्यांच्याच गाड्या बर्फात रुतल्या होत्या. काउंटीत सुमारे ४७ माणसे दगावली: काही रस्त्यावर, काही मोटारीत, काही थंड पडलेल्या घरात, काही बर्फ उपसताना हृदय बंद पडून, काही मदतीची वाट पाहत. बफेलो शहराच्या हद्दीतल्या मृतांमध्ये निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, त्यांचे लोकसंख्येतले प्रमाण मात्र एक तृतीयांशाच्या आसपास. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वॅग्नर स्कूलने २०२३ मध्ये शहरासाठी केलेल्या अहवालात वाहनबंदी लवकर जाहीर व्हायला हवी होती, हा मुद्दा ठळकपणे मांडला गेला.

त्याच वादळात लोकांनी एकमेकांना कसे सांभाळले, हेही नोंदवले पाहिजे. चीकटोवागात एका मेकॅनिकची गाडी रुतली. त्याने जवळच्या शाळेची काच फोडून दोन डझनांच्या आसपास माणसांना आत घेतले, शाळेच्या स्वयंपाकघरातले अन्न वाटले आणि निघताना काच फोडल्याबद्दल चिठ्ठी लिहून ठेवली. पोलिसांनी नंतर त्याचे आभार मानले. विल्यम्सव्हिल या गावात नायगाऱ्याकडे निघालेल्या दक्षिण कोरियाच्या पर्यटकांची गाडी खड्ड्यात अडकली. नऊ पर्यटक आणि चालक यांच्यातले दोघे फावडे मागायला एका घराच्या दारात आले. त्या घरातल्या जोडप्याने फावडे दिले नाही, सगळ्यांना आत घेतले. त्या स्वयंपाकघरात योगायोगाने कोरियन मसाले होते, आणि पुढचे दोन दिवस पाहुण्यांनीच स्वयंपाक केला. ही कथा जगभर गाजली. पण जोडप्याने फ्रिज भरून ठेवला होता म्हणूनच त्यांना दहा माणसांसाठी दार उघडता आले. आपल्या घराची तयारी ही इथे आपल्यापुरती नसते.

वादळ सरल्यावरचे दिवसही तयारीचाच भाग मानले जातात. ओला बर्फ उपसताना हृदयावर पडणारा ताण मोठा असतो, म्हणून चाळिशी उलटलेल्यांना थोडे-थोडे काम करून थांबायला सांगतात. पायवाटेवरचा बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही, कारण नांगर तो परत दारात आणतो. थंडी अचानक ओसरली आणि वर पाऊस पडला, तर गटारांची तोंडे मोकळी नसतील तिथे तळघरांत पाणी भरते. डिसेंबर २०२२ मध्ये वाहनबंदी पूर्णपणे उठायला २९ डिसेंबर उजाडला. त्या दिवसांत बंद पडलेल्या गाड्या तपासण्याचे आणि घरोघर जाऊन माणसांची चौकशी करण्याचे काम राष्ट्रीय रक्षक दल आणि पोलीस यांनी केले.

नायगारा पाहायला हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी प्रवाशाने या शहराकडून एवढे शिकावे. प्रवासाच्या आधी आणि प्रवासात राष्ट्रीय हवामान सेवेची सूचना दररोज पाहावी. ‘वॉच’ दिसला की पुढच्या दोन दिवसांचे हॉटेल, औषधे आणि खाणे यांची सोय करावी. ‘वॉर्निंग’ आली की भाड्याच्या मोटारीची किल्ली टेबलावर ठेवावी; विमान चुकेल, पैसे बुडतील, तरी ठेवावी. आपल्या हॉटेलात स्वागताला बसलेला, सफाई करणारा, टॅक्सी चालवणारा माणूस त्या रात्री घरी पोहोचणार आहे का, हेही विचारावे, आणि पोहोचणार नसेल तर त्याच्यावर टाकलेली आपली कामे कमी करावीत. बफेलोत जे वाचतात त्यांतले बहुतेक जण वेळेवर थांबलेले असतात. म्हणून थांबण्याची मुभा प्रत्येकाला मिळेल, एवढे पाहणे ही शहराची, मालकांची आणि पाहुण्यांचीही जबाबदारी आहे.